मे अखेरीस कोकणात समुद्रावर जाताय? आधी तिथी बघा

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत सात-आठ मिनिटांवर. मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि दरवर्षी एकच चूक बघायला मिळते. दुपारी मासळीचं जेवण, मग झोप, साडेचारला चहा आणि पाचला सगळी वरात पाण्यात. त्या वेळी पाणी आत येतंय की बाहेर पळतंय, हे एकालाही माहीत नसतं. समुद्रावर किती वाजता जायचं हे चहावर ठरत नाही, भरतीवर ठरतं. बाकीची सगळी तयारी त्यानंतर येते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेकांचा घोटाळा क्रम उलटा केल्याने होतो: आधी हॉटेल, मग गाडी, मग कपडे, आणि भरती बघायची ती थेट वाळूत उभं राहून.

## १. तारीख ठरवताना

एप्रिल ते मेचा मध्य हा काळ त्यातल्या त्यात बरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्राचा रंग आणि आवाज दोन्ही बदलतात. पाऊस नसला, आभाळ निरभ्र असलं तरी लांबून येणाऱ्या लाटा मोठ्या आणि जड होतात.

२६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात राज्याच्या किनाऱ्यावर प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. म्हणजे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणं, तारकर्लीचं स्नॉर्कलिंग, मुरूडला जंजिरा, हे सगळं २५ तारखेपर्यंतच. २८ मेला कुणी ‘सोडतो की, पैसे जरा जास्त पडतील’ म्हणाला, तर त्या होडीत पाय ठेवू नका. विमा, परवाना, बचावाची सोय यातलं काहीच तेव्हा तुमच्या मागे उभं नसतं.

पाऊस जूनमध्येच येतो, ही समजूतही सोडा. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता. तौक्ते वादळ २०२१ च्या मे महिन्यात कोकणाला घासून गेलं आणि निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर थडकलं. खोली आरक्षित करताना तारीख बदलून मिळेल का, हे आधीच विचारा.

तपासा: निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा, दोन्ही बघा. पहिल्यात पाऊस-वारा कळतो, दुसऱ्यात समुद्र. आभाळ कोरडं आणि समुद्र खवळलेला, असं मेमध्ये सर्रास होतं.

## २. भरतीची वेळ काढा

याला मोबाइल लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

तिथीचा आकडा घ्या. त्यातून त्याचाच पाव भाग वजा करा. उरलं ते पूर्ण भरतीचं घड्याळ. चतुर्थी असेल तर चारातून एक गेला, तीन वाजता भरती. पंचमीला पावणेचार. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. हीच वेळ पहाटे आणि दुपारी, किंवा सकाळी आणि रात्री, अशी दोनदा येते. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, आणि भरतीपासून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

आमच्या वाडीत एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, आहेत. सकाळी आठला टॉवेल खांद्यावर टाकून निघालेला कुणी दिसला की अंगणातून विचारतात, “आज कितवी रे?” षष्ठी म्हटलं की अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतो. “साडेचारला भरली. आता पाणी बाहेर पळतंय, कशाला जाताय?” त्यांनी भरतीचं कोष्टक आयुष्यात कधी उघडलेलं नाही.

पण तुम्ही उघडा. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाची चूक नेहमीचीच, आणि अष्टमी-नवमीच्या आसपास तास-दीड तासही इकडेतिकडे होतं. तिथीवरून दिवस निवडा, नेमकी वेळ कोष्टकावरून किंवा ॲपवरून पक्की करा. दोन्हींत दोन तासांहून जास्त फरक आला, तर तुम्ही चुकीचं गाव किंवा चुकीची तारीख बघताय.

लोक इथे तीन ठिकाणी चुकतात. एक, तिथीऐवजी तारीख धरतात. हसू नका, शिकलेली माणसं हे करतात. दोन, मुंबईची वेळ मालवणला लावतात. भरती दक्षिणेकडून वर चढत येते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला ती मुंबईच्या तासभर आधीच येऊन जाते. तीन, कालची वेळ आज धरतात. भरती रोज पाऊण तासाने, कधी त्याहूनही जास्त, पुढे सरकते.

आता खरी गोम. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाण असतं: पाणी खूप चढतं, तितकंच खाली जातं आणि येता-जाता जोरात ओढतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी आणि पाणी सौम्य. उधाणाला मुंबई-अलिबागकडे चार मीटरच्या वर फरक पडतो. मालवणकडे तो दोन मीटरच्या आसपास राहतो.

दोन्ही हिशेब जोडून बघा. पौर्णिमेला भरती भर दुपारी आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे दुपारी अडीच ते पाच या वेळात उधाणाचं पाणी वेगाने बाहेर चाललेलं असतं, आणि नेमका तेव्हाच गावात सर्वांत जास्त पाहुणा पाण्यात असतो, कारण पौर्णिमेचं चांदणं बघायला सगळे आलेले असतात. उलट सप्तमी ते नवमी या दिवसांत भरती संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान पुरी होते, ऊन उतरलेलं असतं आणि पाणी भांगाचं असतं. मला विचाराल तर मुलाबाळांना घेऊन यायचं ते याच तीन दिवसांत.

सकाळची आंघोळ हवी असेल तर एकादशी ते त्रयोदशी बघा. भरती आठ ते दहाच्या दरम्यान पुरी होते.

तपासा: कागदावर चार ओळी लिहा: तिथी, भरती, ओहोटी, पाण्यात उतरण्याची वेळ. उतरण्याची वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास. पाणी फिरायच्या आत बाहेर.

## ३. किनारा निवडा, मग जागा निवडा

सगळे किनारे पोहण्याचे नसतात. गणपतीपुळे आणि काशीद दिसायला सुंदर, पण पाण्यात चार पावलं गेलं की तळ एकदम खाली जातो आणि लाट अंगावर फुटते. अशा उतरत्या किनाऱ्यावर भरतीतसुद्धा घोट्याच्या वर जाऊ नका, उलट तिथे भरतीची लाट जास्त आपटते. वरचा दोन तासांचा नियम पसरट, सपाट वाळूच्या किनाऱ्यासाठी आहे.

सपाट आहे की नाही, हे ओहोटीच्या वेळी चक्कर मारली की कळतं. पाणी शंभर-दीडशे पावलं मागे गेलेलं असेल तर सपाट. भरतीची रेघ आणि ओहोटीची रेघ जवळजवळ असतील तर उतार.

खाडीचं तोंड कितीही शांत दिसलं तरी टाळा. आंजर्ल्याची खाडी, बाणकोट, दाभोळ, देवबागला कर्ली नदी मिळते ती जागा, सगळीकडे गोष्ट एकच. आत भरलेलं पाणी ओहोटीला त्या चिंचोळ्या वाटेने एकदम बाहेर पडतं. कमरेएवढ्या पाण्यात धडधाकट माणूस उभा राहू शकत नाही. खडकांचंही तसंच. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीला जायचं नाही म्हणजे नाही.

इशारा: अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. परतायची वेळ जाण्याआधीच ठरवा आणि पूर्ण ओहोटी होऊन पाणी चढायला लागण्याआधी अलीकडे या. सहा तासांच्या भरतीतलं जवळजवळ निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं. ‘अजून घोट्याएवढंच आहे’ म्हणेपर्यंत मांडीला लागतं.

गाडी वाळूत नेऊ नका, एवढंच सांगतो. दर मेमध्ये एखादी तरी रुतते, भरती चढायला लागते आणि मग ट्रॅक्टरवाल्याची मनधरणी.

## ४. पिशवी

अंगात नायलॉनचे किंवा लायक्राचे, अंगाला बसणारे कपडे. जीन्स पाण्यात शिशासारखी होते. ओढणी, साडीचा पदर, सैल कुर्ता पायात गुंडाळतात. बायकांना ‘घरचेच आहेत, साडीतच उतर’ असा आग्रह होतो, तो मोडून काढा. कपड्यांचा रंग भडक हवा, केशरी किंवा पोपटी. निळा, पांढरा, करडा लाटांत दिसत नाही.

बाकी यादी छोटी आहे: पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर, कोकम सरबत किंवा मीठ-साखर-लिंबू, टोपी, शिट्टी, जाड तळव्याचे पाण्यातले बूट, वीस मीटर दोर आणि झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा रिकामा कॅन. कॅन कशाला, ते पुढे येईल. बूट खडकांसाठी. त्यांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी असते. पाय कापल्याचं पाण्यात कळतही नाही, बाहेर आल्यावर वाळूवर लाल ठसे दिसतात.

हवा भरायची रबरी चाकं आणि बदकं घरी ठेवा. वारा जमिनीवरून असला की ती मुलासकट बाहेर जातात.

## ५. होडी सकाळी

होडीची फेरी आणि आंघोळ एका वेळेला उरकू नका, दोन्हींची वेळ वेगळी. मेमध्ये पहाटे मतलई वारा जमिनीकडून हळू येतो आणि पाणी तुळतुळीत असतं. दहा-अकराच्या पुढे खारा वारा सुटतो, दुपारी तो जोर धरतो आणि होडी आपटायला लागते. डॉल्फिन बघायचे असोत, स्नॉर्कलिंग असो, सात ते दहा ही वेळ धरा. पाणीही तेव्हाच नितळ असतं.

होडीत बसण्याआधी हा क्रम पाळा.

आधी माणसं मोजा. होडीवर क्षमता लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर पुढची होडी बघा. मुलं ‘अर्धी’ मोजायची पद्धत एसटीत चालते, पाण्यात चालत नाही.

मग लाइफ जॅकेट घाला, किनाऱ्यावरच. सगळे पट्टे आणि बक्कल लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी खांद्याला धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालणं ही सर्रास होणारी चूक. पाण्यात पडलं की मूल खालून निसटतं आणि जॅकेट एकटंच तरंगत राहतं. लहान मुलाच्या जॅकेटला पायांतून जाणारा पट्टा असायलाच हवा.

मग बसा, मध्यावर. फोटोसाठी सगळे एका कडेला आले की होडी कलते आणि तांडेल ओरडतो. त्याचं ओरडणं ऐका.

ज्यांना होडी लागते त्यांनी उपाशी बसू नये आणि पोट भरूनही बसू नये. दोन बिस्किटं, आल्याचा तुकडा, नजर क्षितिजावर. मोबाइलच्या पडद्याकडे बघितलं की हमखास मळमळतं. उलटीची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा बाहेरच येते.

## ६. पाण्यात उतरताना

पोचल्या पोचल्या धावत सुटू नका. दहा मिनिटं उभं राहून बघा.

लाटा सगळीकडे पांढऱ्या फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गडद, सपाट, शांत दिसतोय? लोक नेमके तिथेच उतरतात, कारण तिथे लाट नाही. लाट नाही कारण पाणी तिथून परत जातंय. आमच्याकडे त्याला ओढ म्हणतात. खात्री करायची असेल तर नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, त्या पट्ट्यात भिरकावा. शेजारच्या लाटेत पडलेलं सोडण परत पायाशी येतं. ओढीतलं हळूहळू, हेलकावे न खाता, सरळ बाहेर चालू लागतं. एकदा बघितलं की पुन्हा कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग वाळूत काहीतरी उभं करा, काठी, छत्री, काहीही. पाण्यातून दर पाच मिनिटांनी तिच्याकडे बघा. ती समोर नसून डावी-उजवीकडे दिसली, तर पाणी तुम्हाला किनाऱ्याच्या कडेने सरकवतंय. बाहेर या, चालत मूळ जागी जा, पुन्हा उतरा.

खोली: न पोहणाऱ्यांनी गुडघा, पोहणाऱ्यांनी कंबर. तलावात पन्नास फेऱ्या मारणाऱ्यालाही हेच. समुद्रात भिंत नसते धरायला.

मुलांमागे मोठे, एकास एक, हात पुरेल एवढ्या अंतरावर. ‘सगळे आहेतच की लक्ष द्यायला’ म्हणजे कुणीच लक्ष देत नाही. नाव घेऊन वाटून द्या: ही तुझी, हा तुझा, अर्धा तास. पाळी बदलताना तोंडाने सांगायचं.

पाय उचलून न टाकता तळाशी घासत चाला. वाळूत पाकट, म्हणजे चपटा मासा, बसलेली असते, पाय घासला की निघून जाते, वर पाय पडला की शेपटीचा काटा मारते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा.

इशारा: ओहोटीला आत उघडा पडलेला वाळूचा दांडा दिसला की तिकडे जाऊ नका. हे मी स्वतः चुकून शिकलोय. काही वर्षांपूर्वी मेव्हणा आणि त्याच्या दोन मुलांना घेऊन असाच दांड्यावर गेलो. मधला चर गुडघ्याएवढा होता. मुलं शंख वेचण्यात, मी फोनवर. चाळीस मिनिटांनी वळलो तर दांडा तसाच कोरडा, पण मधला चर धाकट्याच्या छातीला लागत होता. भरती समोरून येत नाही, आधी पाठीमागचा चर भरते. दोघांना खांद्यावर घेऊन परत आलो. मेव्हण्याच्या बायकोला आम्ही ते अजून नीट सांगितलेलं नाही.

आणि दारू पिऊन उतरू नका. संध्याकाळची बाटली संध्याकाळी, पाण्यातून बाहेर आल्यावर.

## ७. ओढ लागलीच तर

किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारणं ही चूक. ओढ तुम्हाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. माणूस दमतो, म्हणून बुडतो.

पहिल्यांदा उताणे व्हा आणि श्वास घ्या. एक हात वर करून हलवा, शिट्टी असेल तर वाजवा. दम आला की किनाऱ्याला समांतर पोहा, डावीकडे किंवा उजवीकडे, जिथे लाटा पांढऱ्या फुटतायत तिकडे. ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो. तो सुटला की तिरकं किनाऱ्याकडे या, लाटाच तुम्हाला ढकलतील. पोहता येत नसेल तर नुसतं तरंगत राहा, मदत येईपर्यंत.

## ८. दुसरा कुणी बुडत असेल तर

उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे जातात, अशी बातमी दर उन्हाळ्यात येते. बुडणारा ओरडत नाही, हेही लक्षात ठेवा. तोंड पाण्याच्या पातळीवर, डोकं मागे, हात पाणी खाली दाबताहेत आणि आवाज नाही, असं दिसलं की समजा.

आता तो कॅन. दोराला बांधा, आत दोन-तीन वाटी पाणी ठेवा म्हणजे लांब फेकता येतो, झाकण घट्ट लावा आणि माणसाच्या थोडं पलीकडे फेकून ओढत आणा. एकाने फेकायचं, दुसऱ्याने ११२ ला फोन करायचा, तिसऱ्याने जवळच्या होडीवाल्याला हाक मारायची. होडी भर समुद्रात अडचणीत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं, पाठीवर थापा, यातलं काहीही करू नका. पोटातलं पाणी काढण्यात वेळ जातो, पोटातलं बाहेर येऊन श्वासनलिकेत जातं. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, नाक दाबून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असं १०८ ची गाडी येईपर्यंत. हे वाचून येत नाही. तुमच्या गावात प्रशिक्षण असेल तेव्हा एक दिवस द्या.

## ९. बाहेर आल्यावर

आधी माणसं मोजा, मग टॉवेल.

गोड्या पाण्याने अंघोळ, कानात बोट किंवा कापूस न घालता डोकं कलतं करून पाणी काढणं, सरबत. मेच्या उन्हात पाण्यात असताना तहान लागत नाही, पण घाम तिथेही येतोच. मुलाने दोन तासांत लघवी केली नसेल तर अजून पाजा.

ज्याच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, ज्याला कुणी ओढून बाहेर काढलं होतं, त्याला ‘आता ठीक आहे’ म्हणून जेवायला बसवू नका. खोकला थांबत नसेल, श्वास भराभर चालत असेल, झोपाळल्यासारखं वाटत असेल तर त्याच संध्याकाळी दवाखान्यात न्या. त्रास काही तासांनी सुरू होतो, आणि तोवर घरातले सगळे सोलकढी पिऊन आडवे झालेले असतात. त्या रात्री एकाने जागं राहून त्याचा श्वास बघायचा.